रिकाम्या सिलिंडरचे आम्ल

गॅसवाल्याने सिलिंडरवर पान्याने टकटक केली. तो लांबवर घुमेल असा स्वच्छ वाजला.

"ताई, हा अर्धा भरलेला म्हणता? भरलेला असा गात नाही."

"काटा अर्ध्यावर आहे ना," संशोधिका म्हणाली.

त्याने काट्याच्या काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. "अडकलाय. दोन महिने तुमचा फोन नाही. म्हटलं, सुटीवर गेलात. हा चालून चालून तीन आठवडे चालतो."

तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिले. धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या साहाय्याने फॉर्मिक आम्ल बनवणारे हे यंत्र म्हणजे तिची सहा वर्षे, तिचा प्रबंध. सिलिंडरमध्ये तो वायू होता तेव्हा ते जेवढे आम्ल देत होते, तेवढेच तो संपल्यावरही देत राहिले होते. म्हणजे आम्ल वायूचे नव्हतेच. विद्युतपट्टीवरचा थर तिने ज्याने चिकटवला होता, तो डिंक तेवढा विरघळत होता आणि त्याचेच आम्ल होत होते. एकदा वायू बंद ठेवून यंत्र चालवून पाहू, असे ती पहिल्याच वर्षी म्हणाली होती. "पोरखेळ नको," असे सर म्हणाले होते, आणि तिलाही ते सोयीचे वाटले होते.

सर आत आले. अंगात नवा कोट. "पाहुणे खाली पोहोचलेत."

पाहुणे म्हणजे समोरच्या वीजकेंद्राचे लोक. या यंत्राच्या भरवशावर त्यांच्या धुराड्याला आणखी वीस वर्षांची मुदत मिळणार होती. सह्या आजच व्हायच्या होत्या.

तिने चार वाक्यांत सारे सांगितले. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. विद्वान माणूस, मध्येच बोलण्याची सवय नव्हती. मग त्यांनी चष्मा पुसला.

"सिलिंडर बदलून घे. आकडे बदलायचं कारण नाही."

"पण सर, आकडेच तर..."

"अगं, दोन महिन्यांत बदलले का ते? नाही ना? मग झालं तर!"

नवा सिलिंडर जोडायला तिला वेळ लागला नाही. हाताला सहा वर्षांची सवय होती. तिने झडप उघडली. वायू फुसफुसत यंत्रात शिरला. पडद्यावरची रेघ तसूभरही हलली नाही.

गॅसवाला रिकामा सिलिंडर ढकलगाडीवर घालून निघाला. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर तो ठणठणत होता. समोरून येणारे पाहुणे अदबीने भिंतीला टेकले आणि त्यांनी त्याला वाट करून दिली.