ताटाभोवतीच्या सह्या

त्या पत्राला त्याने उत्तर दिले नव्हते. चार महिने ते त्याच्या पुस्तकात, एकशे बाराव्या पानाशी खुणेसारखे पडून होते, आणि त्या पानापुढे तो गेलाच नव्हता. सव्वीस वर्षे तो धुलाई कारखान्याच्या कचेरीत टपालाचे काम बघत होता. आलेल्या कागदाला तीन दिवसांत उत्तर जायचे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात शेरा पडायचा: उत्तर दिले. हे तीन ओळींचे पत्र तेवढे राहिले.

"भावजी, तुमच्यासाठी जागा ठेवली आहे. सही करणार की नाही, एवढंच कळवा. नाही म्हणालात तरी राग नाही."

पत्र वहिनीचे होते. थोरला भाऊ गेल्यापासून ती शेजारच्या खोलीत राहायची आणि कारखान्यात वाफेच्या इस्त्रीवर उभी असायची. त्या इस्त्रीचा नळ गळत होता. तिथल्या दोघींचे हात भाजले होते. दुरुस्तीसाठी अर्ज द्यायचे ठरले. पण पहिली सही कोण करणार? पहिले नाव ज्याचे, त्याच्या पोटावर पाय. मग कुणीतरी कागदावर ताट उपडे ठेवले, पेन्सिलीने कड ओढली, आणि सगळ्यांनी त्या गोलाभोवती सह्या केल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. गोलाला ना डोके ना शेपूट. शोधत बसा म्हणावे.

सदतीस सह्या झाल्या. अडतिसावी जागा त्याची. कचेरीतला एक तरी माणूस आपल्यात हवा, हा वहिनीचा हट्ट.

त्याने उत्तराचे सात मसुदे केले. प्रत्येक मसुदा "आपले पत्र मिळाले" इथे सुरू झाला आणि तिथेच संपला. ती जागा दुसऱ्या कुणीही भरली असती. कारखान्याचे कपडे पोचवणारा गाडीवाला तर पेन घेऊन तयार होता. पण ठेवलेली जागा दुसऱ्याने घ्यायची नाही, हा त्यांचा रिवाज. डबा खायच्या बाकावरसुद्धा तो पाळला जाई. पुढे तिसरीचा हात भाजला, तेव्हा अर्ज तसाच गेला.

साहेबांनी तो याच्याच टेबलावर पसरला आणि विचारले, हा प्रकार सुरू कुठून होतो? त्याची नजर मोकळ्या जागेवर गेली, आणि साहेबांची नजर त्याच्या नजरेमागोमाग. जागेच्या एका बाजूला शेवटची सही होती. दुसऱ्या बाजूला पहिली. पहिली वहिनीची होती.

दुसऱ्या दिवशी तिला काढले. बाकीचे तिच्यासाठी फाटकाबाहेर जाऊन बसले. त्याला आज त्रेचाळीस दिवस झाले होते. पाच जण माफी लिहून आत आले. उरलेल्यांनीही सांगून टाकले, परवा कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी आहे. चिथावणी हिचीच असे ठरले, तर सोमवारी आम्हीही आत जाऊ. लेकरांना किती दिवस पाणी पाजून निजवायचे? वहिनीने कुणाला दोष दिला नाही. तिने भांडी गोणीत भरायला घेतली. आज सकाळी तो दारावरून जात होता, तेव्हा तिने मान वर केली.

"भावजी, पुस्तकात बघून सांगा ना, हरलेली माणसं कुठं जाऊन राहतात?"

चेष्टेनेच म्हणाली. पत्राचा विषय तिने चार महिन्यांत एकदाही काढला नव्हता.

दुपारी साडेतीनला साहेबांनी त्याच्या टेबलावर एक उघडे पाकीट टाकले. आत तोच अर्ज होता. वर अधिकाऱ्याच्या नावे टंकलेले पत्र: गोलातील मोकळी जागा पाहावी, तिच्या उजवीकडे जिची सही आहे, तीच चिथावणी देणारी.

"पंडित, याची आपल्यासाठी एक प्रत काढा आणि पाकीट आजच रजिस्टर्डने घाला. कागद अस्सल आहे, एकच आहे. मध्येच पुस्तक उघडून बसू नका."

साहेब आत गेले. त्याने अर्ज टेबलावर ठेवला. सह्या वाचायला कागद फिरवावा लागत होता. तो फिरवत गेला. एक नुसताच अंगठा होता. एक सही डाव्या हाताने केलेली, उजवा भाजलेला म्हणून. कागद पुरा फिरला आणि मोकळी जागा पुन्हा त्याच्या पोटाशी आली.

निवृत्तीला चौदा महिने होते. घरात दुसरे मिळवते कुणी नव्हते. आणि त्याची सही साहेब रोज पाहत होते. एका नजरेत ओळखली असती. त्याने पेनाचे टोपण काढले.

आधी त्याने सही केली. प्रत मग काढली.

साहेबांच्या पत्रातली जागा आता कुठेच नव्हती. त्याने पाकीट चिकटवले, जावक वहीत नोंद केली आणि तो निघाला. फाटकाशी बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणाले, निघालं साहेबांचं कबुतर. दोघे-तिघे हसले. वहिनी म्हणाली, जाऊ द्या रे त्यांना, टपाल चुकेल. तो खाली मान घालून पुढे गेला.

पोस्टाच्या खिडकीतल्या माणसाने पाकीट तोलले, तिकिटे लावली, शिक्का मारला आणि पावती सरकवली. पावती ठेवायला त्याने पुस्तक उघडले. वहिनीचे पत्र तिथेच होते. त्याने खिशातले पेन काढले, पत्राच्या कोपऱ्यात तारीख घातली, आणि खाली बारीक अक्षरात लिहिले: उत्तर दिले.