अर्धा कॉम्प्युटर

जमालने शेवटची वायर जोडली आणि लेकीकडे पाहिलं. "बिस्मिल्ला म्हण."

अलिनाने बटण दाबलं. फळीवरचे रिले, वीज मिळताच आतली पट्टी उचलणारे ते छोटे स्विच, टकटकले, थांबले, पुन्हा टकटकले. चार दिव्यांतला डावीकडचा एकटाच पेटला. पाच अधिक तीन, आठ.

अगदी सुरुवातीच्या काळातल्यासारखा कॉम्प्युटर होता तो. आकडे जिथे ठेवायचे, तिथेच यंत्राने काय करायचं त्या सूचनाही ठेवायच्या. हे कॉलेजात शिकल्यावर अलिनाने रत्नागिरीहून वडिलांना फोनवर सांगितलं होतं. जमाल शारजात लिफ्ट दुरुस्त करायचा. जुन्या पॅनेलमधले रिले भंगारात जातात, ते चालतील का, असं त्याने विचारलं. मग त्याने इकडे मेमरी बांधायला घेतली, तिने तिकडे बेरजेचा भाग. त्याआधी खुशाली विचारून झाली की फोनवर दोघंही गप्प व्हायची. आता शुक्रवारी मोबाईल तापेपर्यंत बोलणं चालायचं.

या सुट्टीत ती आईबरोबर व्हिजिट व्हिसावर आली, आपला भाग कपड्यांत गुंडाळून. जमालच्या मित्राने शेजारच्या अजमानमधला फ्लॅट राहायला दिला होता. उद्या मायलेकींचं परतीचं विमान. आतल्या खोलीत तिची आई ताजबी बॅगा भरत होती.

"अब्बा, दोन्ही भाग इथेच राहू दे," अलिना म्हणाली. "जोडलेलं कशाला सोडवायचं?"

जमाल म्हणाला, नको, तूच घेऊन जा, कॉलेजात दाखव. मग बराच वेळ तो दिव्याकडे बघत राहिला. त्याने यंत्र बंद केलं, परत चालू केलं आणि कान जवळ नेला.

"तुझ्या भागातला एक रिले उशिरा उचलतोय," तो म्हणाला. "घरी जाऊन बघ. माझी मेमरी राहू दे इथे. तिचंही थोडं काम बाकी आहे."

ताजबीने आतूनच विचारलं, आत्ता तर चाललं होतं ना?

अलिनाने बटण पुन्हा दाबून फळीला कान लावला. सगळे रिले वेळेवर उचलत होते. तिने वर पाहिलं. जमाल स्क्रूड्रायव्हर शोधत होता. तो त्याच्या समोरच पडला होता.

"हो, येतोय ऐकू," ती म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर उचलून पहिला स्क्रू सैल करू लागली. "वेळ लागेल त्याला, अब्बा."