विसावं नाव

"दशरथदादा, सुरेखाची जन्मतारीख सांगा," शाळेतल्या बाई म्हणाल्या.

"भाताच्या लावणीत झाली, बाई. वाडीवरच. तारीख तिच्या आईला ठावं व्हती."

"अहो, लावणी रकान्यात बसत नाही! उद्या साहेब पट मोजायला येणार. एकोणीसच मुलं आहेत. वीस भरली नाहीत तर माझी बदली होईल, मग चारही वर्ग एकट्या गुरुजींवर."

पोरगी बाईंचं बोट धरून उभी होती. मला एकच तारीख पाठ होती, ती मी सांगितली. सतरा जुलै. वर्ष बाईंनीच अंदाजाने घातलं. पट वीस झाला आणि बाई राहिल्या.

यंदा सतरा जुलैला सुरेखा शाळेतून पळतच घरी आली. कपाळावर टिळा, मुठीत चॉकलेट.

"बाबा, समद्यांनी टाळ्या वाजवल्या! आज माजा वाढदिवस हाय!"

मी तेव्हा तिच्या आईच्या नावाचं पान वाढत होतो. सोमी गेली त्या तारखेला दर वर्षी वाढतो. पोरीने भाताकडे, सुकटीकडे पाहिलं.

"ह्ये माज्यासाठी रांधलंस?"

"व्हय गं," मी म्हणालो. "बस जेवायला."