सलोख्याची हवा

सभागृहाबाहेर येऊन दोन श्वास घेतले आणि शर्वरी नाईकनवरेंचं डोकं पुन्हा भणाणलं. "इनामदार, मी आत परत हसत बसले होते का हो?"

"हो मॅडम. सगळ्याला मान डोलावलीत," त्यांचे सहायक ओशाळून म्हणाले.

क्षयरोगाच्या औषधाची किंमत ठरवायचा सरकारचा हक्कच काढून घेणाऱ्या, करारातल्या एका कलमाला विरोध करायला त्या देशाच्या प्रतिनिधी म्हणून एवढ्या लांब, या आर्थिक परिषदेला आल्या होत्या. पण सभागृहातली हवा पुरवत होती परिषदेची भागीदार कंपनी. 'चर्चा सलोख्याने व्हावी म्हणून' असं दारावर चक्क लिहिलं होतं. त्या हवेत माणसाला राग म्हणून येत नसे. आणि ते औषधही त्याच कंपनीचं!

"मग इथूनच ओरडून सांगते!"

"आतल्या माइकवर बोललं तरच नोंद होते, मॅडम."

"ठीक आहे. श्वास रोखून जाते. विरोधाला एक वाक्य पुरे."

त्यांनी छाती भरून हवा घेतली आणि तरातरा माइक गाठला. "या कलमाला आमचा ठाम विरोध आहे!"

दारातून बघणाऱ्या इनामदारांनी आनंदाने मूठ आवळली.

अध्यक्ष गोड हसले. "जरूर नोंदवू. फक्त कारण सांगा. सावकाश, घाई नाही."

शर्वरीबाई लालबुंद झाल्या. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी नाइलाजाने त्यांनी श्वास घेतला.

"कारण..." त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "नाही, तसं विशेष काही नाही."