गोवळकोंड्याची टाळी

वाघाला बिडी पाजल्याची माझी गोष्ट खोटी होती, कबूल. ही मात्र तशी नाही.

शहाऐंशी साली आम्ही पाच जण कोरपन्याहून मेटॅडोर घेऊन आंध्रची राजधानी हैदराबाद पाहायला गेलो. देवाजीची बायको रुखमा महिन्याभरापूर्वीच वारली होती, म्हणून त्याला ओढूनच आणलं होतं.

गोवळकोंडा किल्ल्याच्या दारात टाळी वाजवली, की ती पार वरच्या टोकाला ऐकू येते. ड्रायव्हर जहीरभाईंना टाळीसाठी खाली ठेवून आम्ही वर चढलो. तीन टाळ्या आल्या. आम्ही खूश.

बऱ्याच वेळाने पुन्हा आवाज आला. थप थप, बांगड्यांची किणकिण, थप थप.

"जहीरभाई भाकर थापून राह्यले का बे?" मी हसलो.

तेवढ्यात जहीरभाई धापा टाकत वर पोचले. खालचा आवाज चालूच होता.

"हा रुखमाचा हात हाय," देवाजी म्हणाला. "त्या दिवशी मी भांडून भरल्या ताटावरून उठलो. परत आलो तं ती चुलीजवळच गेलेली. सोडा मले, भाऊ."

आम्ही सोडलं नाही, तरी तो निसटलाच. त्याची पावलं पायऱ्यांवरून उतरत गेली. किती तरी वेळाने भाकर थापणं थांबलं.

मग देवाजीचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा, "वाढ वो, बसलो मी."

आणि खाली दगडावर ताटली सरकल्याचा आवाज झाला.