एक्केचाळिसावा यती

"मॅडम, यती येऊन गेला," सामान वाहणारा दोर्जे म्हणाला. काल दुपारी इरावती खिंडीतून एकटीच ज्या वाटेनं उतरली होती, नेमक्या त्याच वाटेनं हातभर लांबीचे ठसे तंबूपर्यंत आले होते.

इरावती हसली. उन्हानं बर्फ वितळलं की कुठलाही ठसा पसरून राक्षसी दिसतो. तिचं यंत्र ते वितळणं उलटं फिरवून मूळ पाऊल दाखवायचं. सात वर्षांत तिनं चाळीस यती निकालात काढले होते. बहुतेक अस्वलंच निघाली. मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडला की एकच मोठं पाऊल दिसतं.

पडद्यावरचा ठसा आकसत गेला आणि त्यातून दोन पावलं सुटी झाली. खालचं तिच्याच कालच्या बुटाचं होतं. वरचं माणसाचं, अनवाणी आणि करंगळी नसलेलं.

"अस्वल ना?" दोर्जेनं विचारलं.

"अस्वलच," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याची, श्रीधरची, करंगळी हिमदंशानं गेली होती. तेव्हापासून तो तिच्या पावलात पाऊल टाकत मागून चालायचा आणि कुरकुरायचा, "जरा जवळजवळ टाक गं, मला पुरत नाही." नऊ वर्षांपूर्वी याच खिंडीत तो नाहीसा झाला. बूट तेवढे सापडले होते.

"आज तू पुढे चाल," तिनं दोर्जेला सांगितलं. मग एकदाही मागं न बघता ती लहान लहान पावलं टाकत उतरू लागली.