कड्यातलं साल

कड्यावर त्याचंच नाव होतं.

डेलमार हफनेगलने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाणं नाकाजवळ आणलं. ॲल्युमिनियमचं चपटं कडं, मधोमध घट्ट बसवलेलं एक सेंटचं नाणं. कड्याच्या एका बाजूला क्लबचं नाव. दुसऱ्या बाजूला ‘डेलमार हफनेगल, आमचा मित्र’. नाण्यावरचं साल १९८६. म्हणजे हेच, चालू.

कडीवाली नाणी जमवणाऱ्यांचा तो क्लब. कोणी बँकांनी वाटलेली जमवी, कोणी बेकऱ्यांची, कोणी नुसती ‘मला जपा, नशीब उघडेल’ असं छापलेली. पण एक जात फक्त त्यांच्याकडेच होती. सभासद गेला की एमरी स्टोल्ट्झ आपल्या गॅरेजातल्या यंत्रावर त्याच्या नावाची कडी दाबायचा आणि प्रत्येकात तो गेला त्या सालाचं नाणं बसवायचा. दफन उरकलं की अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये कॉफी आणि काकवीची गोड पाई. तिथे प्रत्येकाच्या तळहातावर एकेक नाणं यायचं. डेलमारच्या डब्यात अशी पुष्कळ होती. कोण कधी गेलं हे तो त्यावरूनच सांगायचा. आधी साल बघायचं, मग नाव.

आज तो शनिवारच्या प्रदर्शनासाठी काचेच्या पेट्या न्यायला एमरीच्या गॅरेजात आला होता. एमरी घरात कॉफी करत होता. काच पुसायला फडकं हवं म्हणून डेलमारने कामाच्या बाकाचा खण ओढला. फडक्याखाली पातळ कागदाची पुडी होती, त्यातलंच हे नाणं.

मंगळवारी मोठ्या इस्पितळात डेलमारची छाती उघडायची होती.

आता एकेक गोष्ट जुळायला लागली. डॉक्टरने त्याच्या बायकोला, आर्डिथला, बाहेर बोलावून घेतलं होतं. परत येताना ती गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली होती, “होईल रे सगळं ठीक.” आणि गेल्या बैठकीला एमरीने बंद पडलेल्या बेकरीचं ते जुनं नाणं त्याच्या खिशात सरकवलं होतं. डेलमार त्यासाठी वर्षानुवर्षं मागे लागलेला. “घे. तुझ्याकडेच शोभेल,” एवढंच तो देताना म्हणाला. एमरी, जो कागदी पिशवीसुद्धा फुकट देत नाही!

त्या वेळी डेलमारला आनंद झाला होता. आता वाटलं, तो निरोपच होता.

एमरी दोन कप घेऊन आला. त्याची पँट कमरेशी चुण्या पडून गोळा झाली होती, पट्ट्याचं टोक लोंबत होतं. कोपऱ्यातल्या यंत्राला ग्रीस फासून वर जुनी चादर घातलेली होती. डेलमारचं तिकडे लक्ष नव्हतं.

“फोन कुठाय?”

“भिंतीवर. तू पहिल्यांदा आलास तेव्हापासून तिथंच आहे, म्हाताऱ्या.”

डेलमारने इस्पितळाचा नंबर फिरवला. “हफनेगल बोलतोय. मंगळवारचं माझं ऑपरेशन रद्द करा. नाही, पुढची तारीख नको. अजिबात नको.” त्याने फोन ठेवला.

“डोकं फिरलंय का तुझं?” एमरी म्हणाला.

डेलमारने ते नाणं बाकावर आपटलं. “मरायचंच आहे ना, तर माझ्या घरात मरीन. आर्डिथ शेजारी असेल. तिनं तुला सांगितलं, मला नाही! काय म्हणाला डॉक्टर?”

एमरीने कप बाकावर ठेवले. मग स्टुलावर बसला. बसायला त्याला फार वेळ लागला.

“दुसऱ्याचे खण उचकायची खोड काही जाणार नाही तुझी,” तो म्हणाला. “आता उचकलंच आहेस तर खालचा पण उघड.”

खालचा खण पुड्यांनी भरलेला होता. डेलमारने एक सोडली. विल्मा ट्रॉक्सेल. साल १९८६. दुसरी सोडली. रूडी बाउअर, जो परवापर्यंत एकटा गवताचे गठ्ठे ट्रकवर चढवत होता. १९८६. तिसरी त्या कर्मिटची, नुकतंच लग्न झालेल्या पोराची. त्यातही १९८६. नवीकोरी तांबडी नाणी दिव्याखाली चमकत होती.

डेलमारने पुडी खाली ठेवली. “सगळे?” त्याचा आवाज चिरकला. “एमरी, या वर्षात आपण सगळेच...? काय होणार आहे? कुणी सांगितलं तुला?”

“ओरडू नकोस.” एमरीने कप दोन्ही हातांनी धरला, तरी कॉफी हिंदकळली. “ते यंत्र माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नाही. शिकवायला गेलो, तर रूडीनं बोट चेमटवून घेतलं. आणि नाणं मागाहून बसवता येत नाही, तुला माहीत आहे. कडं दाबतानाच आत पाहिजे. म्हटलं, कुणी नाण्यावाचून जायला नको.”

“पण साल! साल तर...”

एमरी उठला. भिंतीला धरून फोनपाशी गेला, रिसीव्हर उचलला आणि डेलमारच्या पुढे धरला.

“लाव त्यांना परत. मंगळवारी जातोस म्हणून सांग,” तो म्हणाला. “नावं तुमची आहेत, डेल. साल तेवढं माझं आहे.”